बिशपांचा सार्वजनिक अंत्यविधी: पहिल्या तासापासून दफनापर्यंतची तयारी

कॅथोलिक धर्मप्रांताचे प्रमुख असलेले बिशप गेल्याची बातमी पसरली की कॅथेड्रलच्या (त्यांच्या मुख्य चर्चच्या) कार्यालयात चारही बाजूंनी फोन सुरू होतात. दर्शन कधी, मिस्सा (मुख्य उपासना) किती वाजता, दफन कुठे, बाहेरगावच्या लोकांनी निघायचं कधी. घाईत दिलेली उत्तरं पुढचे तीन दिवस बदलत बसावं लागतं, आणि प्रत्येक बदलापायी हजारो माणसांची पायपीट होते. म्हणून आधी कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमानं ठरवायच्या ते पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. गर्दी त्या माणसाच्या प्रेमापोटी येते, पण विधी मात्र कोणत्याही बाप्तिस्माप्राप्त श्रद्धावंताचा असतो तोच असतो: जागरण प्रार्थना, मिस्सा आणि दफन. १९६९ साली रोमनं अंत्यविधीची सुधारित विधिपुस्तिका काढली. त्याआधी बिशपांच्या शवपेटीभोवती पाच वरिष्ठ धर्माधिकारी एकामागून एक पापमुक्तीची प्रार्थना करत. आता सर्वांसाठी एकच अंतिम निरोपविधी आहे. त्यामुळे विधीत भर घालण्याचा मोह आवरावा आणि सगळी शक्ती व्यवस्थेवर लावावी.

निर्णय कोणाचा

पदावर असलेले बिशप निवर्तले तर त्या क्षणी पद रिक्त होतं आणि व्हिकर जनरलचा (बिशपांच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंचा) अधिकारही संपतो. इथे बऱ्याच ठिकाणी गोंधळ होतो, कारण कालपर्यंत सगळे ज्यांना विचारत होते त्यांनाच आजही विचारत राहतात. धर्मप्रांताला साहाय्यक बिशप असतील तर कारभार त्यांच्याकडे जातो, एकाहून जास्त असतील तर नियुक्तीनं ज्येष्ठ असलेल्यांकडे. साहाय्यक बिशप नसतील तर तो सल्लागार मंडळाकडे जातो. हे मंडळ सहा ते बारा धर्मगुरूंचं असतं. ज्यांच्याकडे कारभार आला त्यांनी लगेच पोपमहोदयांच्या राजदूतांमार्फत रोमला कळवायचं. पद रिक्त झाल्याची बातमी मिळाल्यापासून आठ दिवसांत मंडळानं प्रशासक निवडायचा. म्हणजे अंत्यविधी आणि प्रशासकाची निवड बहुधा एकाच आठवड्यात येतात. दोन्ही कामं त्याच पाच-सहा माणसांवर टाकली की दोन्ही रेंगाळतात. अंत्यविधीसाठी वेगळी छोटी समिती नेमा आणि तिला निर्णयाचे पूर्ण अधिकार द्या.

निवृत्त बिशपांच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही. पदावरचे बिशपच सगळं ठरवतात.

दुसरं काम मृत्युपत्राचं आणि अंतिम इच्छेचं. तारीख, चर्च, कबर यांपैकी काहीही जाहीर करण्यापूर्वी चान्सलरनं (धर्मप्रांताची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानं) बिशपांच्या वैयक्तिक फाइलमध्ये तशी नोंद आहे का ते पाहावं. बिशपांचा अंत्यविधी त्यांच्या कॅथेड्रलमध्येच होतो, पण त्यांनी दुसरं चर्च निवडलं असेल तर ते ग्राह्य धरायचं असतं. दफन कॅथेड्रलमध्ये जाहीर करावं आणि दुसऱ्या दिवशी जन्मगावच्या दफनभूमीबद्दलची चिठ्ठी सापडावी, यासारखी अडचण नाही. शोध वैयक्तिक कागदांपुरताच ठेवा. धर्मप्रांताच्या गुप्त दप्तराची किल्ली फक्त बिशपांकडे असते. पद रिक्त असताना ते उघडायचं नाही. अगदीच निकड भासली तर तो अधिकार प्रशासकाचा. बिशपांची खोली दोन साक्षीदारांसमोर बंद करून वस्तूंची यादी करावी. अंगठी, गळ्यातला क्रूस आणि मेंढपाळदंड या वस्तू धर्मप्रांताच्या की त्यांच्या स्वतःच्या, हे त्या यादीतच लिहून ठेवलं तर पुढे वाद होत नाही.

पहिल्या निवेदनात तीनच गोष्टी असाव्यात: निधनाची वेळ, आज प्रार्थना कुठे आहे आणि पुढचं निवेदन किती वाजता येईल. ती वेळ मात्र पाळाच. लोक वाट बघायला तयार असतात, पण ठरलेल्या वेळी काहीच आलं नाही की अफवा सुरू होतात.

तारीख आणि वेळ

तारीख ठरवताना आधी उपासनेचं कॅलेंडर उघडा. पवित्र गुरुवार आणि पास्काचे (ख्रिस्ताच्या मृत्यू-पुनरुत्थानाचे) तीन दिवस, आगमनकाळ, उपवासकाळ व पुनरुत्थानकाळातले रविवार आणि मिस्सा बंधनकारक असलेले महासण, या दिवशी अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. बिशप पवित्र आठवड्यात गेले आणि बुधवारपर्यंत विधी उरकला नाही, तर मिस्सा थेट पुनरुत्थानाच्या सोमवारपासूनच. मधल्या दिवसांत मिस्सेविना अंत्यविधी होऊ शकतो, पण बिशपांसाठी थांबणंच श्रेयस्कर. मात्र थांबायचं तर देहाची व्यवस्था तेवढे दिवस टिकेल अशी हवी.

मिस्सेचं पौरोहित्य साधारणपणे प्रांताचे आर्चबिशप किंवा बिशप परिषदेचे अध्यक्ष करतात. त्यांची तारीख मिळाल्याशिवाय जाहीर घोषणा नको. तिसरा ते पाचवा दिवस बहुतेक ठिकाणी जमतो. वेळ सकाळी उशिराची ठेवा: लांबचे लोक पोचतात आणि अडीच-तीन तास लागले तरी दफन उजेडात होतं. संध्याकाळची मिस्सा लांबली तर अनोळखी आवारात हजारो माणसं अंधारात बाहेर पडतात.

देहाची तयारी

मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर कायदेशीर परवानगी आणि शवविच्छेदन आधी. त्यापूर्वी देह टिकवायचं रसायन भरलं तर पुरावा नष्ट होतो.

दोन-तीन दिवस उघडं दर्शन ठेवायचं असेल तर रक्तवाहिन्यांतून रसायन भरावंच लागतं आणि ते पहिल्या बारा तासांत झालेलं बरं. हे काम शरीरशास्त्र विभागातल्या किंवा या व्यवसायातल्या प्रशिक्षित माणसाचंच. त्याला आजाराची माहिती नीट द्या, कारण रसायन त्यावर ठरतं. कावीळ असलेल्या देहात नेहमीचं फॉर्मॅलिन वापरलं तर पित्ताचा रंग बदलून त्वचा हिरवट दिसू लागते. अंगावर सूज असेल किंवा जंतुसंसर्गानं मृत्यू आला असेल तर द्रव पाझरतो; पेटीत वस्त्रांखाली शोषक थर आणि जलरोधक कापड लागतं. अशा वेळी उघडं दर्शन एका दिवसावर आणावं किंवा पेटी बंदच ठेवावी. दर्शनाच्या मधल्या रात्री देह २ ते ४ अंश सेल्सियसला ठेवा. टीव्हीवाल्यांचे तापणारे दिवे चेहऱ्यापासून दूर ठेवा आणि शक्यतो फक्त एलईडी वापरू द्या.

वस्त्रं चढवताना वेळेचं भान हवं. देह दोन ते चार तासांत ताठरायला लागतो, बारा तासांच्या सुमारास पूर्ण ताठरतो आणि पुढे दीड-दोन दिवसांत सैल पडतो. म्हणून वस्त्रं एक तर लगेच चढवा, नाही तर रसायन भरताना सांधे सैल केल्यावर. क्रम मिस्सेचाच: खांद्यावरचं कापड, आल्बा (पायघोळ पांढरा झगा), कमरपट्टा, स्टोला (गळ्याभोवतीचा लांब पट्टा), डाल्मॅटिक (बाह्यांचा झगा) आणि वरून चाझ्युबल (सर्वांत वरचा बिनबाह्यांचा झगा). गळ्यातला क्रूस चाझ्युबलच्या आत असतो. चाझ्युबल आणि डाल्मॅटिक पाठीमागून मधोमध चिरून घेतली तर देह उचलून ओढाताण करावी लागत नाही आणि समोरून काहीच दिसत नाही. यासाठी जुनं, साधं वस्त्र निवडा. धर्मप्रांताचं जरीकाम केलेलं मौल्यवान वस्त्र चिरू नका.

बिशपांच्या विधिग्रंथात रंग जांभळा सांगितला आहे. काही देशांत अंत्यविधीला पांढरा रंग मान्य आहे आणि तिथे तोच वापरतात; आपल्या बिशप परिषदेचा नियम पाहून घ्या. डोक्यावर साधा पांढरा मायटर (बिशपांची उंच टोपी), बोटात अंगठी. आर्चबिशपांना पॅलियम (खांद्यावरची पांढरी लोकरी पट्टी) असेल तर तोही घालतात, आणि बदलीमुळे पूर्वीचे पॅलियम असतील तर ते पेटीत ठेवतात. मेंढपाळदंड मात्र पेटीत ठेवायचा नाही. उत्साही लोक तो हाताशी ठेवू पाहतात. विधिग्रंथात त्याला स्पष्ट मनाई आहे.

दोन छोट्या गोष्टींवर नजर ठेवा. बोटं सुजतात, त्यामुळे नेहमीची अंगठी बसत नाही; खालून उघडी असलेली साधी अंगठी तयार ठेवा. मायटर निजलेल्या डोक्यावर मागे सरकतो. त्यासाठी मानेखाली घट्ट आधार आणि मायटरच्या मागे पातळ उशी हवी, नाही तर दर तासाला कोणाला तरी सगळ्यांदेखत तो सरळ करावा लागतो.

पेटी

पेटीचं माप घेताना मायटर विसरला जातो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला मायटरसह पेटीच्या आत किमान २०५ सेंटिमीटर जागा लागते. बाहेरची रुंदी कड्यांसकट मोजा. कबर आणि दरवाजा याच मापाशी पडताळायचे असतात.

लाकूड साधं असावं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये पोपांच्या अंत्यविधीची पुस्तिका सुधारून घेतली आणि एकात एक तीन पेट्यांची जुनी पद्धत काढून आतून जस्ताचं अस्तर असलेली एकच लाकडी पेटी ठेवली. देह उंच चौथऱ्यावर न ठेवता उघड्या पेटीतच दर्शनाला ठेवायचंही त्यातच ठरलं. २६ एप्रिल २०२५ रोजी त्यांचा स्वतःचा अंत्यविधी तसाच झाला. पोपांना जे चाललं ते बिशपांना कमी पडणार नाही.

जमिनीत पुरायचं असेल तर धातूचं अस्तर लागेलच असं नाही. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा तळघरातल्या समाधीत ठेवायचं असेल तर ते बहुधा लागतं आणि मग वायू निघून जाण्याची झडपही हवी. पूर्ण हवाबंद पेटीत वायूचा दाब साठतो आणि सांधे उकलतात.

देह, लाकूड आणि अस्तर मिळून वजन सहज दीडशे ते दोनशे किलो भरतं. सपाटीवर सहा माणसं पुरतात, पायऱ्या असतील तर आठ. उंची सारखी असलेली माणसं निवडा आणि तेवढीच राखीव ठेवा. धर्मगुरूंनी खांदा द्यायची इच्छा रास्त आहे, पण सत्तरीतल्या सहा धर्मगुरूंना पायऱ्यांवर पेटी देऊ नका. त्यांच्याकडे दारापासून वेदीपर्यंतचा सपाट टप्पा द्यावा.

पेटीचा मार्ग आधी ठरवा

सगळ्या व्यवस्थेची गुरुकिल्ली इथे आहे. पेटी कुठून येणार, कुठे थांबणार, कुठे वळणार आणि कबरीपर्यंत कशी जाणार, हा मार्ग आधी कागदावर काढा. खुर्च्या, बॅरिकेड, कॅमेरे, फुलं, पाहुण्यांच्या गाड्या हे सगळं त्या मार्गाला सोडून बसवा. उलट केलं, म्हणजे आधी मंडप आणि खुर्च्या लावून मग पेटीला वाट शोधली, तर ऐन वेळी खुर्च्या उचलाव्या लागतात.

पेटी आणि दोन्ही बाजूंची माणसं मिळून १७० ते १८० सेंटिमीटर रुंदी लागते. मधली वाट दोन मीटरपेक्षा अरुंद असेल तर पेटी चाकांच्या गाड्यावर न्या. आदल्या रात्री रिकाम्या पेटीत दीडशे किलोची वाळूची पोती भरून पूर्ण मार्गावर तालीम करा, कबरीपर्यंत. तळघराच्या जिन्याचं वळण, दाराचा उंबरा, गालिच्याची मुडपलेली कड या गोष्टी तालमीतच कळतात.

तालमीत दिशाही ठरवून घ्या. सामान्य श्रद्धावंताचे पाय वेदीकडे असतात, कारण तो उपासनेत वेदीकडे तोंड करून बसलेला असतो. बिशप आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे असायचे, म्हणून त्यांचं डोकं वेदीकडे आणि पाय लोकांकडे. पेटी दारातून पाय पुढे करून आत आणली तर वेदीपुढे पूर्ण वळवावी लागते, आणि त्यासाठी किमान अडीच मीटर मोकळी गोलाकार जागा लागते. तेवढी जागा नसेल तर दाराबाहेरच वळवून डोकं पुढे ठेवून आत आणा. खांदेकऱ्यांना हे आधी माहीत नसेल तर वेदीपुढे कुजबूज सुरू होते आणि पेटी अर्धवट वळलेली राहते.

अंत्यदर्शन: रांगेचं गणित

पेटीच्या दोन्ही बाजूंनी दोन रांगा चालवा. एका माणसाला सरासरी चार सेकंद धरले तर एका रांगेतून तासाला ९००, दोन्ही मिळून १,८०० माणसं जातात. प्रार्थनेसाठी थांबणं, पाहुणे, कामकरी बदलणं यासाठी चौथा हिस्सा वजा करा. हाती उरतात तासाला सुमारे १,३५०, म्हणजे बारा तासांत सोळा हजारांच्या आसपास. प्रत्येकजण अंगठीला ओठ लावू लागला तर हे चार सेकंद आठ-दहा होतात आणि आकडा निम्म्याहून खाली येतो. स्पर्श करू द्यायचा की नाही हे म्हणूनच आधी ठरवा. मोठी गर्दी अपेक्षित असेल तर पेटीपासून हातभर अंतरावर दोरी लावा आणि स्पर्शासाठी वेगळा तास कुटुंबीय, व्रतस्थ भगिनी व आजारी माणसांना द्या.

या गणिताचा खरा उपयोग रांग बंद करताना होतो. दरवाजे रात्री नऊला मिटायचे असतील आणि रांगेत चार हजार माणसं असतील तर त्यांनाच तीन तास लागणार. मग सहा वाजताच शेपटाशी एक स्वयंसेवक ‘रांग इथे संपली’ असा फलक घेऊन उभा राहिला पाहिजे. नऊ वाजता चार-पाच तास उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर दार लावलं की ढकलाढकली होतेच. दोन-दोनच्या रांगेत हजार माणसं सुमारे ३७५ मीटर जागा घेतात. नागमोडी बॅरिकेडमध्ये दर पन्नास मीटरवर बाहेर पडायला फट ठेवा. म्हाताऱ्या माणसांना मध्येच बाहेर यावं लागतं.

पेटीपाशी पास्काची मेणबत्ती आणि पवित्र पाणी असावं, आणि माणूस दिसेल इतपतच फुलं. दर तासाला पाच मिनिटं रांग थांबवून प्रार्थना घेतली की दर्शनाचं जागरण होतं. नाही तर ते नुसतं बघणं राहतं. आदल्या संध्याकाळची जागरण प्रार्थना किंवा मृतांसाठीची घटिका-प्रार्थना कॅथेड्रलमध्येच करा. ज्यांना दुसऱ्या दिवशी आत जागा मिळणार नाही अशा स्थानिक धर्मग्रामांना मुद्दाम हीच वेळ द्या.

आवार आणि गर्दी

मोकळ्या जागेची क्षमता मोजताना लोक तीन तास थांबणार आहेत हे धरा. चौरस मीटरला दोन माणसं हे सोयीचं प्रमाण. १०० बाय ६० मीटरच्या मैदानातून वाटा, मंच, रुग्णवाहिका आणि पडदा न दिसणारे कोपरे वजा केले की सुमारे ४,००० चौरस मीटर उरतात, म्हणजे आठ हजार माणसं. चौरस मीटरला पाचच्या पुढे धोका सुरू होतो. सहा-सातला माणूस स्वतःच्या इच्छेनं हलू शकत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो.

३० मार्च १९८० रोजी सान साल्वादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या अंत्यविधीत प्रवचन चालू असताना चौकात स्फोट आणि गोळीबार झाला. घाबरलेली माणसं कुंपण ओलांडून कॅथेड्रलकडे धावली. डझनावारी माणसं दगावली, त्यांत चेंगरून गेलेलेही होते. मिस्सा अर्ध्यावर थांबवून देह आत नेऊन घाईनं पुरावा लागला. तिथे हिंसाचार झाला होता, पण घबराट नुसत्या शॉर्टसर्किटनंही होते. म्हणून बाहेर पडायच्या वाटा आत यायच्या वाटांपेक्षा रुंद ठेवा, फाटकं बाहेरच्या बाजूला उघडणारी असू द्या, आणि कॅथेड्रलचा मुख्य दरवाजा ही एकमेव सुटकेची जागा होऊ देऊ नका. गर्दी थांबवण्याचा निर्णय एकाच माणसाचा असावा आणि तो माणूस वेदीवर नसावा. उंचावरून मैदान दिसेल अशा जागी असावा.

ध्वनिव्यवस्थेत दोन गोष्टी हमखास चुकतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे शंभर मीटरवरच्या स्पीकरला सुमारे ०.३ सेकंद उशीर द्यावा लागतो. दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि प्रार्थनेची उत्तरं विस्कटतात. दुसरी चूक जनरेटरची. वीज गेल्यावर तो सुरू व्हायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात डिजिटल मिक्सर बंद पडतो आणि पुन्हा चालू व्हायला वेळ खातो. मिक्सर आणि वायरलेस माइकचे रिसीव्हर यूपीएसवर टाका.

मिस्सा

दारापाशी पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि पांढरं कापड घालतात. राष्ट्रध्वज घालून सरकारी इतमाम दिला जाणार असेल तर तो दाराबाहेर पूर्ण करून ध्वज तिथेच सन्मानानं उतरवून घ्यावा, किंवा सलामी मिस्सेनंतर बाहेर ठेवावी. मिस्सेत पेटीवर ख्रिस्ती चिन्हंच असावीत: शुभवर्तमानाचं पुस्तक, क्रूस. पोलीस बँड आणि बंदुकांच्या सलामीची वेळ संबंधित अधिकाऱ्यांशी लेखी ठरवा. शांत प्रार्थना चालू असताना बाहेर हुकूम ऐकू येणं टाळता येतं.

स्वागतविधी दारात झाला असेल तर पापांगीकार गाळतात. गौरवगीत आणि श्रद्धाप्रकटन नसतं. मिस्साग्रंथात धर्मप्रांताच्या बिशपांसाठी आणि इतर बिशपांसाठी अशा दोन वेगळ्या प्रार्थना आहेत. निवृत्त किंवा बाहेरच्या बिशपांच्या विधीत चुकीचं पान उघडलं जातं. वाचनांसाठी ज्ञानग्रंथ ३, यशया २५, रोम ८, २ तिमथी २ ही नेहमीची निवड; पुनरुत्थानकाळात पहिलं वाचन जुन्या करारातून नसतं, प्रेषितांची कृत्ये किंवा प्रकटीकरण घ्या. स्तोत्र २३ किंवा १३० गायला सोपी आहेत. हजारोंच्या समुदायाला माहीत नसलेली नवी चाल आजच्या दिवशी नको.

बिशपांचं धर्मासन रिकामं ठेवा. पाहुण्या मुख्य याजकांसाठी वेगळं आसन मांडा. उपस्थित बिशप साधा पांढरा मायटर वापरतात, हे निमंत्रणातच कळवा. सगळ्या सहयाजकांना पुरतील एवढी चाझ्युबल नसतात. मुख्य सहयाजकांनी चाझ्युबल आणि बाकीच्यांनी आल्बा व स्टोला घातला तरी चालतं.

युखारिस्तिक प्रार्थनेत (मिस्सेतल्या मुख्य प्रार्थनेत) एक ठळक बदल आहे. पद रिक्त असताना ‘आमचे बिशप’ म्हणून कोणाचंच नाव घेत नाहीत, धर्मप्रांताच्या प्रशासकाचंही नाही. दिवंगत बिशपांचं नाव मृतांच्या स्मरणात येतं. सवयीनं ते जुन्याच जागी उच्चारलं जातं, आणि ऐकणाऱ्यांच्या काळजात चर्र होतं. मुख्य याजकांच्या पुस्तकात त्या पानावर चिठ्ठी लावा.

प्रवचन प्रभूच्या मृत्यू-पुनरुत्थानाचं असतं. बिशपांच्या जीवनातले दाखले त्यात जरूर यावेत, पण ते गौरवभाषण होऊ नये असं नियमच सांगतो. चार शब्द बोलायला कम्युनियननंतरच्या (ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यावरच्या) प्रार्थनेनंतर आणि निरोपविधीच्या आधी जागा आहे. पोपमहोदयांचा शोकसंदेश, कुटुंबातला एक, धर्मप्रांतातला एक. प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे लिहिलेले सुमारे ३०० शब्द. राजकीय पुढारी आणि इतर धर्मांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आदल्या संध्याकाळी आवारात स्वतंत्र शोकसभा घ्या. त्यांनाही मोकळेपणानं बोलता येतं आणि मिस्सा लांबत नाही.

ख्रिस्तप्रसादाचं गणितही आधी करा. एक वाटणारा मिनिटाला सुमारे बारा जणांना देतो. पंधरा मिनिटांत आटपायचं तर एकामागे १८०; पाच हजार जणांसाठी २८ वाटणारे लागतात. प्रत्येकासोबत उंच झेंडी धरलेला एक स्वयंसेवक द्या आणि उभं राहायची जागा आदल्या दिवशी जमिनीवर खुणा करून ठरवा. बाहेरच्यांना पाठवायची पात्रं वेदीवर ठेवायला जागा पुरत नाही. अर्पणाच्या वेळी ती वाटणाऱ्यांच्या हातात वेदीजवळ असावीत. कॅथोलिक नसलेल्या पाहुण्यांसाठी एक आर्जवी सूचना आधीच द्या.

कम्युनियननंतर आशीर्वाद आणि निरोपाचे शब्द म्हणायचे नाहीत. लगेच अंतिम निरोपविधी सुरू होतो. मुख्य याजक पेटीभोवती फिरून पवित्र पाणी शिंपडतात, मग धूप दाखवतात. पेटीभोवती चारही बाजूंनी एक मीटर जागा मोकळी नसेल तर धूपदान फुलांना आणि मेणबत्तीला लागतं. आशीर्वाद चुकून दिला गेला की लोक उठून दाराकडे निघतात आणि पेटीची वाट बंद होते.

दफन

चर्चच्या आत दफन सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. पोप, कार्डिनल आणि बिशप यांना आपापल्या चर्चमध्ये ते मान्य आहे, निवृत्त बिशपांनाही. निवृत्तांचं दफन त्यांच्या शेवटच्या धर्मप्रांताच्या कॅथेड्रलमध्ये होतं, त्यांनी वेगळं ठरवलं नसेल तर. स्थानिक प्रशासनाची परवानगी मात्र लागतेच. तिचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या.

फरशी उघडण्याआधी वास्तू-अभियंत्याला दाखवा. खाली जुनी समाधी, पाण्याचा झरा किंवा खांबाचा पाया असू शकतो. खड्डा आतून किमान २३० बाय ९० सेंटिमीटर, पण आपल्या पेटीच्या कड्यांसकट मापाला प्रत्येक बाजूनं दहा सेंटिमीटर अधिक हे खरं माप. खोदकाम आदल्या रात्री पूर्ण करून वर मजबूत फळ्या टाका. मिस्सेत त्यावरून माणसं चालणार असतात. पाणी झिरपत असेल तर पंप आणि तळाला खडीचा थर.

पेटी उतरवायला पाच सेंटिमीटर रुंदीचे नायलॉनचे तीन पट्टे घ्या. खड्डा १.८ मीटर खोल असेल तर प्रत्येक पट्टा सात मीटरचा हवा: दोन्ही बाजूंनी खोली, पेटीखालचा भाग आणि हातात धरायला मीटर-मीटर. सहा माणसांपैकी एकच जण हुकूम देईल. डोक्याकडची बाजू जड असते, तिथे दणकट माणसं ठेवा. पाय आधी टेकले तर पेटी अडकते. सुती दोर ओला झाला की हातातून सोडता येत नाही, तो वापरू नका.

पेटी मिटण्यापूर्वी बिशपांच्या जीवनाचा आणि कार्याचा एक-दोन पानी लेख सह्या करून धातूच्या नळीत ठेवायची पद्धत चांगली आहे. मौल्यवान अंगठी काढून साधी घालायची असेल तर तीही त्याच वेळी, चान्सलर आणि कुटुंबातल्या एकाच्या उपस्थितीत. हे सर्व मिस्सेच्या आधी उरका. मिस्सा बंद पेटीसमोर व्हावी हेच उत्तम; उघड्या पेटीकडे कॅमेरे वळलेले राहतात आणि वेदीकडे लक्ष जात नाही.

दफनानंतर

त्याच दिवशी मृतांच्या नोंदवहीत नोंद करा. लादी बंद करायला गवंडी हजर असावा; रात्रभर उघडी कबर ठेवू नका. कोरीव मजकुराची घाई नको: जन्म, दीक्षा, बिशपपदाची दीक्षा आणि निधन या तारखा कागदपत्रांशी पडताळूनच दगडावर घाला. शोकपुस्तिका, संदेश आणि निवेदनांच्या प्रती धर्मप्रांताच्या दप्तरी लावा. सर्व धर्मग्रामांत बिशपांसाठी मिस्सा ठेवायला परिपत्रक काढा. ज्यांना कॅथेड्रलपर्यंत येता आलं नाही त्यांचा निरोप तिथे होतो. तिसाव्या दिवसाची मिस्सा आणि पहिलं वर्षश्राद्ध कॅथेड्रलच्या कॅलेंडरमध्ये आताच लिहा. पुढे नवे बिशप आले तरी आपल्या लगतच्या पूर्वसुरींच्या स्मृतिदिनाची मिस्सा कॅथेड्रलमध्ये दरवर्षी करायची असते, म्हणून ती तारीख प्रशासकाकडच्या कागदांतही जायला हवी.